पोटातला वारा काय सांगतो?

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द येतो, असे कोणी विचारले तर ताप किंवा खोकला हे उत्तर मी देणार नाही. तो शब्द आहे 'गॅस'. डोके जड झाले, गॅस चढला. छातीत भरून आले, गॅस झाला. पाठीत उसण भरली, गुडघा धरला, तोही गॅसच. शिकलेला माणूस 'गॅसेसचा त्रास आहे' म्हणतो, वाडीवरची आजी 'पोटात वारं धरलंय' म्हणते. एकाच शब्दात अनेक तक्रारी कोंबलेल्या असतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, पण काही थोड्या जिवावर बेतणाऱ्या असतात. त्या थोड्या कोणत्या, हे घरातल्या माणसाला ओळखता यावे म्हणून आजचा लेख.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी एका ठाकुरवाडीतील कुटुंबे वर्षानुवर्षे माझ्याकडे औषधाला येतात. खाली दिलेली बरीच उदाहरणे तिथली आहेत, पण ती आपल्या प्रत्येकाच्या घरात लागू पडतील.

गॅस येतो कुठून?

पोटात वायू असणे हा रोग नाही, ती शरीराची रोजची रीत आहे. निरोगी माणसाच्या आतड्यातून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो. दिवसातून दहा-वीस वेळा वात सरणे हे अगदी सामान्य आहे. चारचौघांत त्याचे हसे होते म्हणून कोणी बोलत नाही, इतकेच.

हा वायू दोन वाटांनी तयार होतो. पहिली वाट म्हणजे गिळलेली हवा. घाईने जेवणे, जेवताना सतत बोलणे, बाटलीबंद थंड पेये पिणे, तंबाखूची गोळी किंवा मशेरी तोंडात ठेवून सारखी लाळ गिळणे, यांतून हवा पोटात जाते. सकाळची लोकल पकडण्यासाठी उभ्याउभ्या दोन पोळ्या कोंबणाऱ्या नोकरदारांच्या ढेकरा बहुधा याच हवेच्या असतात.

दुसरी वाट मोठ्या आतड्यात आहे. लहान आतड्यात जे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जाते. तिथे कोट्यवधी जिवाणू राहतात. ते या उरलेल्या अन्नावर जगतात आणि ते आंबवताना हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन हे वायू तयार होतात. या वायूंना वास नसतो. घाण वास येतो तो गंधकयुक्त वायूंचा, आणि त्यांचे प्रमाण एकूण वायूच्या शंभरात एक भागही नसते.

आतडे ही एक लांब बंद नळी आहे. तिला बाहेरची दारे दोनच, वरचे तोंड आणि खालचे गुदद्वार. थोडा वायू रक्तात विरघळून श्वासावाटेही बाहेर पडतो. पण आतड्यातला वारा उठून डोक्यात, गुडघ्यात किंवा खांद्यात जाऊन बसत नाही. गुडघा दुखत असेल तर गुडघ्याचीच तपासणी करून घ्यावी.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील डॉ. मायकेल लेव्हिट यांनी पोटातील वायूच्या अभ्यासात सारी हयात घालवली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटात फार गॅस होतो अशी तक्रार असलेल्या माणसांच्या आतड्यातला वायू मोजला आणि १९७५ साली निष्कर्ष छापला. या माणसांच्या पोटातला वायू इतरांहून जास्त नव्हताच! फरक होता तो आतड्याच्या चालीत आणि संवेदनेत. तेवढाच वायू एकाला जाणवत नाही, दुसऱ्याला असह्य होतो. चिंता, जागरण आणि बद्धकोष्ठ यांनी ही संवेदना वाढते. म्हणून 'सगळे तपासले, काही निघाले नाही' असे सांगितलेल्या रुग्णाचा त्रास खोटा नसतो.

वालाला दोष किती द्यायचा?

आपल्या रायगडात गॅसचे नाव निघाले की वाल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. भात कापून झाला की जमिनीतल्या ओलीवर वाल होतात आणि हिवाळ्यात जिकडेतिकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, मीठ आणि ओवा घालून मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात दोघे-तिघे तरी पोट धरून येतात.

वाल, पावटा, चवळी, हरभरा, राजमा यांत काही विशिष्ट साखरा असतात. त्या फोडणारे पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणूंची चंगळ होते. कोबी, फ्लॉवर, कांदा यांचेही थोडेफार असेच. भात मात्र जवळजवळ पूर्ण पचतो, म्हणून धान्यांत तो सर्वांत कमी वायू करतो.

आपल्या आयांनी यावर उपाय कधीच शोधला आहे. वाल रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे आणि मग बिरडे करायचे. भिजवण्याने त्या साखरांचा काही भाग पाण्यात उतरतो आणि मोड येताना आणखी काही भाग बी स्वतःच वापरून टाकते. कडधान्य शिजवण्याची ही रीत शास्त्राला धरून आहे. कुकरची शिट्टी आली म्हणून भिजवणे टाळू नये. फोडणीतला हिंग आणि ओवा यांनी बऱ्याच जणांना आराम वाटतो, तोही खुशाल घ्यावा.

पण 'गॅस होतो' म्हणून कडधान्ये बंद करणे हा उपाय नव्हे. ठाकुरवाडीसारख्या वस्तीत मांस-मासळी रोज नसते, दूधही बेताचे. तिथे वाल, तूर आणि उडीद हीच प्रथिनांची शिदोरी आहे. ती बंद केली तर गॅस जाईल आणि अशक्तपणा येईल. शिवाय जिवाणू हे अन्न आंबवतात तेव्हा वायूबरोबर मोठ्या आतड्याच्या अस्तराला पोसणारे पदार्थही तयार होतात. सवय नसेल तर थोड्यापासून सुरुवात करावी, आतडे दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते.

याच भीतीपोटी बाळंतिणीला डाळ-उसळ वर्ज्य करतात. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. बाळाला दूध पाजणाऱ्या आईला उलट जास्त प्रथिने लागतात. तिला नीट शिजवलेली डाळ आणि मोडाची उसळ अवश्य द्यावी.

दूध, औषधे आणि 'गॅसची गोळी'

काहींना दूध प्यायले की तासा-दोन तासांत पोट गुडगुडते, फुगते आणि पातळ जुलाब होतो. दुधातली साखर पचवणारे द्रव्य मोठेपणी अनेक भारतीयांत कमी होते. हा आजार नव्हे, प्रकृती आहे. आठ-दहा दिवस दूध बंद करून पाहावे. फरक पडला तर कारण कळले. अशा लोकांना दही आणि ताक बहुधा सोसते.

मधुमेहाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोजने, गॅस होतो. लोहाच्या गोळ्यांनी पोट फुगते, बद्धकोष्ठ होते. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा वेळ बदलता येते.

बरेच लोक सकाळी उपाशीपोटी एक 'गॅसची गोळी' वर्षानुवर्षे घेतात. ती गोळी गॅसची नसते, जठरातले आम्ल कमी करण्याची असते. छातीत जळजळ आणि आंबट पाणी यावर ती उत्तम. मोठ्या आतड्यातल्या वायूवर तिचा काही उपयोग नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. आपण ती का घेतो आणि किती दिवस घ्यायची, हे एकदा विचारून घ्यावे.

सोड्याची पूड पाण्यात घालून फसफसते ते प्यायले की मोठी ढेकर येते आणि माणूस म्हणतो, 'बघा, गॅस मोकळा झाला.' वास्तविक सोडा आणि आम्ल एकत्र आले की वायू तयार होतो. आलेली ढेकर त्या सोड्याचीच असते! ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध जिवाशी आहे.

वारा जेव्हा निरोप घेऊन येतो

आता लेखाचा महत्त्वाचा भाग. एकटा गॅस फारसे काही सांगत नाही. त्याच्या जोडीला काय येते, ते सांगते.

कुजक्या अंड्यासारख्या वासाच्या ढेकरा, पोटफुगी, चिकट तेलकट आणि तरंगणारा शौच, वजन घटणे हे आठवडा-दोन आठवडे चालले तर जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो. तो दूषित पाण्यातून येतो. उन्हाळ्यात विहीर आटली की वाडीतल्या बाया ओहोळात खड्डा करून झिऱ्याचे पाणी भरतात, गुरेही तिथेच पाणी पितात. पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकणे चांगलेच, पण या परजीवीचे कोष त्याला सहज दाद देत नाहीत. पाणी खळखळून उकळले आणि एक मिनिटभर तसेच उकळू दिले की ते मरतात. शौचाच्या तपासणीत हा परजीवी सापडतो आणि औषधाने बरा होतो.

मुलाचे हातपाय काडीसारखे आणि पोट घागरीसारखे दिसले तर जंत आणि कुपोषण दोन्हींचा विचार करावा. गोल जंतांचे भेंडोळे लहान मुलाचे आतडे बंदही करू शकते. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक गोळी फुकट मिळते. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

वीटभट्टीवर कामाला जाणारा एक तरुण ठाकुरवाडीतून माझ्याकडे आला होता. त्याची तक्रार गॅसचीच होती. पोटात एक गोळा उठतो, गुडगुड आवाज होतो, कळ येते आणि मग आपोआप जिरतो. चार महिने तो ओव्याचा अर्क आणि सोडा घेत होता. मी विचारले तेव्हा बाकीचे बाहेर आले. संध्याकाळी अंग कसकसते, भूक मेली आहे, पँट सैल झाली आहे. तपासण्यांत आतड्याचा क्षय निघाला. क्षय फक्त फुप्फुसाचा नसतो, हे पुष्कळांना माहीत नसते. सरकारी दवाखान्यातून मोफत औषधे मिळाली, त्याने सहा महिने एकही दिवस न चुकवता ती घेतली आणि तो बरा झाला. उठणारा-जिरणारा गोळा, बारीक ताप आणि घटते वजन ही त्रयी दिसली की ओवा बाजूला ठेवावा.

पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या स्त्रियांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पोट नव्याने फुगू लागले, महिन्यातले निम्मे दिवस फुगलेलेच राहते, दोन घासांत पोट भरते, ओटीपोट दुखते किंवा लघवीला वारंवार जावे लागते, तर हा वयाचा किंवा गॅसचा त्रास समजून अंगावर काढू नका. अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला असाच बोलतो. बहुतेक वेळा दुसरेच किरकोळ कारण निघेल. पण पोटाची सोनोग्राफी करून खात्री करणे हे शहाणपण आहे. घरातल्या पुरुषांनीही 'तुझं नेहमीचंच आहे' म्हणून विषय मिटवू नये.

चाळिशीनंतर शौचाची सवय बदलली, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, शौचातून रक्त पडते, रक्त कमी झाले, तर मोठ्या आतड्याची तपासणी हवी. रक्त दिसले की मूळव्याध, असे परस्पर ठरवू नये.

वारा थांबतो तेव्हा

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन रोज सकाळी रुग्णाला विचारतात, 'वात सरला का?' नातेवाइकांना हसू येते, पण वात सरला याचा अर्थ आतडे पुन्हा चालू लागले. तो पूर्ण बंद होणे हे तितकेच गंभीर. पोट फुगून टणक झाले, कळा येतात, उलट्या होतात आणि शौच नाही, वारा नाही, तर आतड्याला अडथळा आला आहे असे धरून चालावे. जांघेतला हर्निया अडकणे किंवा जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याला पीळ बसणे ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाची गोळी अजिबात देऊ नये, तोंडाने काहीच देऊ नये. तासाभरात रुग्णालयाच्या वाटेला लागावे.

तान्ह्या बाळाचे पोट फुगणे वेगळे पाहावे. दूध पिऊन ढेकर काढली की शांत होणारे, छान शी करणारे बाळ ठणठणीत समजावे. पोट ताणलेले आहे, हिरवी उलटी होते, शी होत नाही, बाळ दूध ओढत नाही, तर ते आजारी आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याची बातमी आपण वाचली असेल. चटक्याने आतला आजार तसाच राहतो आणि वर जखम होते. मेळघाट लांब आहे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. बाळाला डाग देणे, बेंबीत काही भरणे, गुटीत अफू घालणे असे प्रकार कोठेही दिसले तर आशाताईला कळवावे. बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावण्याने बिघडत नाही, ते पाजू मात्र नये.

छातीतला 'गॅस'

सर्वांत मोठा धोका शेवटी सांगतो, म्हणजे तो लक्षात राहील. हृदयाच्या खालच्या भागाची वेदना आणि जठराची वेदना यांचा निरोप मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातो. म्हणून हृदयविकाराचा झटका पुष्कळदा बेंबीच्या वर, छातीच्या खळगीत जाणवतो. मळमळते, ढेकर येते. घरचे सोडा देतात, सोड्याची ढेकर येते, क्षणभर बरे वाटते आणि मौल्यवान दोन-तीन तास निघून जातात. ढेकर आली म्हणून हृदय सुटले असे होत नाही.

छातीवर किंवा खळगीत दाब, दरदरून घाम, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, दम लागणे, चालल्यावर वाढणे, यांतले काहीही असेल तर हृदयाचा आलेख काढेपर्यंत 'गॅस' हा शब्द उच्चारू नये. मधुमेह असलेले, वृद्ध आणि स्त्रिया यांना छातीत कळ न येता नुसताच घाम आणि गळाल्यासारखे होऊ शकते. पहिला आलेख ठीक आला तरी त्रास चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो, तेव्हा घरी जायची घाई करू नये.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. पण ज्या वाडीपर्यंत गाडी पोचत नाही, जिथे रुग्णाला झोळीतून किंवा डोलीतून खाली रस्त्यावर आणावे लागते, तिथल्या माणसाला विचार करायला शहरातल्या माणसापेक्षा कमी वेळ असतो. म्हणून तिथे निर्णय आधी व्हायला हवा. रात्री त्रास झाला तर सकाळची वाट पाहू नये. फोन आधी करावा, झोळी बांधायला मग घ्यावी, म्हणजे दोघेही रस्त्यावर एका वेळी पोचतात. रुग्णाला चालवत नेऊ नये.

साध्या गॅसला साधे उपाय

वर सांगितलेले काहीच नसेल तर काळजीचे कारण नाही. त्यासाठी हे करावे :

१) सावकाश, चावून जेवावे. जेवताना भांडण आणि टीव्ही दोन्ही टाळावे.
२) कडधान्ये भिजवून, पाणी फेकून, मोड आणून खावीत.
३) रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घ्यावे. जेवणानंतर शतपावली करावी.
४) उपवासाला साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे एकदम भरपूर खाऊ नयेत. एरवीच्या जेवणाहून तो आहार जड होतो.
५) पाणी भरपूर प्यावे, शौचाची वेळ पाळावी. बद्धकोष्ठ गेले की निम्मा गॅस जातो.
६) तंबाखू आणि मशेरी सोडावी. त्याचे फायदे पोटापुरते नाहीत.
७) कशाने त्रास होतो हे पंधरा दिवस वहीत लिहावे. एकेक पदार्थ बंद करून पाहावा, सगळे एकदम नको.
८) वात दाबून धरू नये. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत हाही आहे. चारचौघांतून उठून बाजूला जावे, एवढेच.

डॉक्टरकडे गेल्यावर 'गॅस झालाय' एवढेच सांगून थांबू नका. कुठे दुखते, केव्हापासून, जेवणाशी किंवा चालण्याशी संबंध आहे का, ताप, वजन, भूक आणि शौच कसे आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे सांगा. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. रोगाचे नाव शोधायचे काम डॉक्टरचे आहे. तुम्ही फक्त त्रास जसा आहे तसा सांगावा.